पोट उघडण्यापूर्वी
स्वादुपिंडाच्या कर्करोगातील दडलेल्या फैलावाचा शोध

(खजुरी येथे महाजन कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवस्थानाच्या स्मरणिकेत कर्करोगाचा विषय कशाला, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती वावगी म्हणता येणार नाही. परंतु देवळाचा सभामंडप ही आपल्याकडे केवळ पूजाअर्चेची जागा कधीच नव्हती. घरावर मोठे दुखणे कोसळले म्हणजे माणसे प्रथम देवापुढे माथा टेकतात, अंगारा लावतात आणि मग ओट्यावर बसलेल्या चार जाणत्यांना विचारतात, की रोग्याला कोठे न्यावे, शस्त्रक्रिया करावी की करू नये, शेत गहाण टाकावे की टाकू नये. महाजन म्हणून ज्यांच्याकडे समाज पाहतो त्यांच्या शब्दाला अशा वेळी मोठे वजन असते. तो शब्द माहितीच्या आधाराने उच्चारला जावा, एवढाच या विषयाच्या निवडीमागील हेतू होय.

खजुरी हे आळंद तालुक्यातील गाव कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या सीमेवर वसलेले आहे. येथील माणूस घरात एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी आणि कचेरीत कधी तिसरी. दुखणे आले म्हणजे त्याची वाटही अशीच फुटते. कोणी कलबुर्गीस जातो, कोणी उमरग्यावरून सोलापूर गाठतो, कोणी हैदराबादेस, तर कोणी थेट मुंबईस. प्रत्येक ठिकाणी नवा डॉक्टर, नवी फाईल आणि नवा खर्च. अशा स्थितीत मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, हे कुटुंबाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत त्यांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच आहे. रोग जेथे दिसतो तेवढ्यापुरताच आहे, की तो आधीच अन्यत्र जाऊन दडून बसला आहे?

पाठीमागे लपलेला अवयव

स्वादुपिंड हा सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीचा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे आडवा पसरलेला असतो. त्याचे डोके लहान आतड्याच्या आरंभीच्या वळणात बसलेले असते आणि शेपूट प्लीहेपर्यंत पोहोचते. अन्न पचविणारे रस आतड्यात सोडणे आणि रक्तातील साखरेवर ताबा ठेवणारे इन्सुलिन तयार करणे, ही त्याची दोन मुख्य कामे होत. यकृताकडून येणारी पित्तनलिका त्याच्या डोक्यातून जाते, आणि यकृताला व आतड्यांना रक्त पुरविणाऱ्या मोठ्या वाहिन्या त्याला अगदी बिलगून असतात. पोटावर हात ठेवून वैद्याला यकृत कळते, प्लीहा कळते, पण स्वादुपिंड बहुधा कळत नाही. त्यामुळे तेथील गाठ वाढत असतानाही माणूस शेतात जातो, जत्रेत पालखीला खांदा देतो, आणि आपल्याला काही झाले आहे याची त्याला गंधवार्ताही नसते.

गाठ डोक्याच्या भागात असेल तर ती पित्तनलिका दाबते. मग कावीळ दिसते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग पांढुरका होतो आणि अंगाला खाज सुटते. या काविळीत पुष्कळदा पोट दुखत नाही व तापही नसतो. गाठ मधल्या भागात किंवा शेपटाकडे असेल तर कावीळही लवकर येत नाही. वजन उतरते, भूक मरते, पोटातून पाठीकडे जाणारी कळ रात्री झोपू देत नाही. तोवर बराच उशीर झालेला असतो.

आपल्या भागात काविळीवर माळ घालणे, झाडपाल्याचे औषध घेणे, कावीळ उतरविणे ही जुनी वहिवाट आहे. विषाणूमुळे झालेली साधी कावीळ कित्येकदा विश्रांतीने आपोआप बरी होते, आणि त्याचे श्रेय माळेला मिळते. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला न दुखता आलेली, दिवसेंदिवस वाढत जाणारी कावीळ ही निराळी गोष्ट आहे. तिच्यासाठी माळेची वाट पाहत घालविलेला प्रत्येक आठवडा रोगाच्या पदरात पडतो. पन्नाशीनंतर एकाएकी मधुमेह उद्भवला आणि त्याबरोबर वजनही घटू लागले, तरी सावध व्हावे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. सुरेश चारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असे दाखविले, की पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभरांपैकी सुमारे एकाला पुढील तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग आढळतो. शंभरातील नव्याण्णवांनी घाबरण्याचे कारण नाही. पण त्या एकाकडे दुर्लक्ष होता कामा नये.

दोन परिचित नावे आणि बार्शीचे कार्य

हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात बराच कमी आढळतो. तरीही त्याने नेलेली माणसे आपल्या परिचयाची आहेत. अभिनेत्री नर्गिस दत्त यांना १९८० साली हाच रोग झाला. न्यूयॉर्क येथे उपचार घेऊन त्या परतल्या, परंतु ३ मे १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच रोगाने निधन झाले. त्यांनाही अमेरिकेतील उपचार लाभले होते. पैसा, ओळख आणि उत्तमोत्तम वैद्य हाताशी असूनही हा रोग हार मानत नाही, याची ही दोन उदाहरणे सर्वांस ठाऊक आहेत.

नर्गिस दत्त यांचे नाव आपल्या जवळच्या बार्शी गावातील कर्करोग रुग्णालयाला दिलेले आहे. भारतातील ग्रामीण भागातील पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली तेथेच सुरू झाली, आणि बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील खेडोपाडी जाऊन रोग्यांची नोंद ठेवली जाऊ लागली. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या सहभागाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध होऊन जगभर मान्य झाले. एका तपासणीने त्या रोगाचे मृत्यू निम्म्यावर आणता येतात, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील शेतकरी आणि मजूर स्त्रियांनी जगाला दाखवून दिले.

स्वादुपिंडाच्या बाबतीत मात्र निरोगी माणसांत सरसकट करण्याजोगी अशी तपासणी आजही उपलब्ध नाही. म्हणून येथे सगळी भिस्त, रोग कळल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत घेतलेल्या निर्णयांवर असते.

शस्त्रक्रियेचे मोल

स्वादुपिंडाचा कर्करोग मुळातून काढून टाकण्याचा आज तरी शस्त्रक्रियेखेरीज दुसरा मार्ग नाही. बर्लिनचे वॉल्टर काउश यांनी १९०९ साली अशी शस्त्रक्रिया केली होती. न्यूयॉर्कचे अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ साली तिला शास्त्रशुद्ध रूप दिले, आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि कधी जठराचाही काही भाग काढावा लागतो. त्यानंतर उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर ही तिन्ही आतड्याला पुन्हा जोडावी लागतात. काम कित्येक तास चालते. एके काळी या शस्त्रक्रियेत चौघांमागे एक रुग्ण दगावत असे. आता अनुभवी केंद्रांत हे प्रमाण शेकडा पाचाच्या आत आलेले आहे. १९४१ साली मुंबईस परळ येथे सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. शैलेश श्रीखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी लागोपाठच्या १२०० व्हिपल शस्त्रक्रियांचा अनुभव २०२० साली प्रसिद्ध केला. हे काम क्वचित करणाऱ्या ठिकाणी न करता सरावलेल्या हातांकडून करून घ्यावे, हेच अशा अनुभवातून दिसून येते.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली तरी रोग्याला उभे राहण्यास आठवडे लागतात. जखम भरणे, खाणे पुन्हा सुरू होणे, अंगात बळ येणे यांतच महिना-दोन महिने निघून जातात. ज्याचा रोग खरोखर एका जागीच आहे, त्याने हे सर्व सोसणे सार्थकी लागते. परंतु निदानाच्या वेळी शंभरातील जेमतेम पंधरा ते वीस रोगीच शस्त्रक्रियेयोग्य ठरतात, आणि तसे ठरलेल्यांपैकीही काहींचे पोट उघडल्यावर यकृताच्या पृष्ठभागावर किंवा उदरपोकळीच्या पातळ अस्तरावर ज्वारीच्या दाण्यापेक्षाही बारीक पांढरे कण आढळतात. हे कण म्हणजेच दडलेला फैलाव. मग मूळ गाठ काढून उपयोग नसतो. पोट पुन्हा शिवून टाकतात. रोगी मोठ्या जखमेसह घरी येतो आणि उरलेल्या थोड्या आयुष्यातील कित्येक आठवडे ती जखम भरण्यातच जातात. जे औषध त्याला त्वरित मिळावयास हवे होते, तेही तेवढे दिवस लांबते.

एका समजुतीचे मूळ

आपल्याकडे सर्वत्र एक समजूत आहे. चाकू लागला की कॅन्सर पसरतो, असे लोक खात्रीने सांगतात. त्यासाठी उदाहरणेही देतात. अमुक गावचे तमुक पाटील चालत दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी पोट उघडले, काही न काढता शिवले, आणि तीन महिन्यांत खेळ आटोपला. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याने जे पाहिले तेच तो सांगत असतो. चूक होते ती कार्यकारणभाव लावण्यात. पाटलांचा रोग चाकूने पसरविलेला नव्हता. तो आधीच पसरलेला होता आणि पोट उघडल्यावर तो केवळ दृष्टीस पडला. पोट उघडण्यापूर्वीच तो दिसला असता तर पाटलांची जखम टळली असती, आणि गावात ही समजूतही रुजली नसती.

या समजुतीची किंमत मोठी आहे. तिच्यापायी ज्यांचा रोग अद्याप एका जागी आहे असे रोगीही शस्त्रक्रियेस नकार देतात, आणि बरे होण्याची एकमेव संधी गमावतात. सुईने तुकडा घेताना रोगाच्या पेशी मार्गात सांडण्याचे प्रकार क्वचित घडतात, हे खरे आहे. म्हणूनच डॉक्टर सुईचा मार्ग विचारपूर्वक निवडतात, आणि गाठ सरळ काढण्याजोगी असेल तर पुष्कळदा तुकडा न घेताच शस्त्रक्रिया करतात. परंतु त्या क्वचित घडणाऱ्या प्रकारावरून चाकूलाच दोष देणे, म्हणजे दिवा लावल्यामुळे घरात साप आला असे म्हणण्यासारखे आहे.

रोग दडतो कसा

रोग इतका लवकर बाहेर का पडतो, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली मृत रोग्यांच्या गाठींतील जनुकीय बदलांवरून कालगणना मांडली. तिच्याप्रमाणे पहिल्या बिघडलेल्या पेशीपासून कर्करोगाची मूळ पेशी तयार होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, तिला दूर पसरण्याची शक्ती येण्यास आणखी निदान पाच वर्षे जातात, आणि त्यानंतर रोगी सरासरी दोन वर्षे जगतो. याचा अर्थ असा, की रोग वर्षानुवर्षे मुकाट्याने घडत असतो आणि आपल्याला कळतो तो बहुधा अखेरच्या टप्प्यात. बाहेर पडलेल्या पेशी रक्तावाटे यकृतात जातात, लसिकावाहिन्यांवाटे जवळच्या ग्रंथींत जातात, किंवा गाठीच्या पृष्ठभागावरून सुटून उदरपोकळीत विखुरतात. गाठ संपूर्ण काढली तरी पुष्कळ रोग्यांत काही महिन्यांनी वा वर्षांनी रोग पुन्हा उभा राहतो, तो याच मागे राहिलेल्या पेशींमुळे.

शोधाची साधने

या दडलेल्या फैलावाच्या शोधात पहिले साधन म्हणजे सीटी स्कॅन. शिरेतून औषध सोडून, ठराविक क्षणी, बारीक बारीक छेदांची चित्रे घेतल्यास गाठ रक्तवाहिन्यांना कितपत चिकटली आहे आणि यकृतात दुय्यम गाठी आहेत काय, हे चांगले समजते. स्वादुपिंडासाठी हा स्कॅन खास पद्धतीने करावा लागतो. पोटाचा कोणताही जुना स्कॅन त्याची जागा घेऊ शकत नाही. त्याचबरोबर काळाचेही भान ठेवावे लागते. तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हा स्कॅन शस्त्रक्रियेपूर्वीच्या चार आठवड्यांतील असावा, आणि काविळीसाठी पित्तनलिकेत नळी घालावयाची असल्यास शक्यतो त्याआधी काढलेला असावा, कारण नळीमुळे आलेली सूज चित्र गढूळ करते. आपल्या भागातील रोगी दोन-तीन गावे फिरत फिरत मोठ्या रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा त्याच्या पिशवीतील स्कॅन पुष्कळदा दोन महिन्यांपूर्वीचा असतो. नवा स्कॅन सांगितला म्हणजे पैसे उकळण्याचा बेत आहे असा संशय घेतला जातो. येथे तो संशय बहुधा अनाठायी असतो.

स्कॅनलाही मर्यादा आहे. काही मिलिमीटरचे कण, विशेषतः यकृताच्या पृष्ठभागावर वा पोटाच्या अस्तरावर चिकटलेले, त्याच्या नजरेतून निसटतात. मोठ्या गाठी दाखविणाऱ्या पेट स्कॅनचीही अशा बारीक कणांपुढे तीच अडचण होते.

दुसरे साधन रक्ताचे आहे. फिलाडेल्फियातील हिलरी कोप्रोव्हस्की व सहकाऱ्यांच्या १९७९ सालच्या संशोधनातून सीए १९-९ नावाची खूण हाती आली. रक्तात तिचे प्रमाण सामान्यतः ३७ एककांच्या आत असते. ते फारच वाढलेले असेल तर स्कॅनमध्ये न दिसणारा फैलाव असण्याची शक्यता बळावते. परंतु पित्तनलिका तुंबून कावीळ झाली असताना ही खूण रोगावाचूनही वाढते, म्हणून कावीळ उतरल्यावर ती पुन्हा मोजावी लागते. उलट शंभरातील पाच ते दहा माणसांच्या रक्तात ती जन्मतःच तयार होत नाही. अशांच्या बाबतीत तिचा आकडा कमी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. तेव्हा ही खूण म्हणजे इशारा होय, निकाल नव्हे.

तिसरे आणि आपल्या विषयाचे मुख्य साधन म्हणजे दुर्बिणीतून केलेली पोटाची पाहणी. तिचा इतिहास वाटतो त्याहून जुना आहे. १९०१ साली जर्मनीतील गेऑर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात दुर्बीण घालून पाहिले. १९१० साली स्वीडनमधील याकोबेउस यांनी ती माणसांत वापरली. १९११ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे बर्ट्रम बर्नहाइम यांनी ज्यांची अशी पाहणी केली, त्यांत प्रसिद्ध शल्यवैद्य हॉलस्टेड यांचा एक कावीळ झालेला रोगी होता आणि त्याला स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा संशय होता. पोट उघडण्यापूर्वी आत डोकावून पाहावे, ही कल्पना याच रोगाच्या निमित्ताने शंभर वर्षांपूर्वीच मूर्त झाली होती. पुढे बॉस्टन येथील अँड्र्यू वॉरशॉ यांनी १९८६ पासून तिचा या रोगात पद्धतशीर पुरस्कार केला.

हिची रीत अशी. रोग्यास पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ बोटाच्या पेराएवढे छिद्र पाडून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे आतील अवयव मोकळे दिसतात. मग दुर्बीण आत घालून यकृताचा पृष्ठभाग, पोटाचे अस्तर, आतड्यांवरील चरबीचा पडदा, सर्व काही नजरेखालून घालतात. संशयास्पद कण दिसला तर त्याचा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काहीच न दिसल्यासही पोटात मिठाचे निर्जंतुक पाणी सोडून ते परत काढून घेतात, आणि त्या धुवणात कर्करोगाच्या सुट्या पेशी आहेत काय हे तपासतात. डोळ्यांना सारे स्वच्छ दिसत असताना धुवणात पेशी सापडतात, असेही काही रोग्यांत घडते. वॉरशॉ यांनी १९९१ साली अशा रोग्यांकडे लक्ष वेधले. अशा पेशी सापडणे म्हणजे दूरवर फैलाव झाल्यासारखेच होय, असे आता अमेरिकन वर्गीकरणात मानले जाते. ही पाहणी झालेला रोगी बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाऊ शकतो.

हिचा उपयोग किती, याचा निष्पक्ष हिशेब कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ सालच्या आढाव्यात मांडलेला आहे. स्कॅनवरून शस्त्रक्रियेयोग्य ठरलेल्या रोग्यांपैकीही शंभरात सुमारे ४१ जणांचा रोग प्रत्यक्षात काढता येण्याजोगा नव्हता. दुर्बिणीची पाहणी व तुकड्याची तपासणी केल्यास, शंभरामागे २१ जणांचे व्यर्थ पोट उघडणे टळू शकते, असा तो हिशेब आहे. आता स्कॅनची यंत्रे सुधारल्यामुळे दुर्बिणीने नव्याने सापडणाऱ्या फैलावाचे प्रमाण पूर्वीपेक्षा घटले आहे. म्हणून ही पाहणी कित्येक ठिकाणी सरसकट न करता निवडक रोग्यांत करतात. ज्यांची गाठ मोठी आहे, मधल्या भागात वा शेपटाकडे आहे, ज्यांच्या रक्तातील खूण फार वाढलेली आहे, ज्यांचे वजन झपाट्याने उतरले आहे, किंवा ज्यांच्या स्कॅनमध्ये शंकेला जागा आहे, अशांत तिचा लाभ अधिक होतो.

चौथे साधन अद्याप घडत आहे. स्वादुपिंडाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक कर्करोगांत के-रास नावाच्या जनुकात बिघाड असतो. गाठीतून रक्तात झिरपलेल्या अशा बिघडलेल्या जनुकांचे तुकडे शोधून काढता येतात. ते शस्त्रक्रियेनंतरही रक्तात आढळले तर रोग लवकर उलटण्याचा संभव वाढतो. परंतु एका जागी असलेल्या लहान गाठीत ते पुष्कळदा सापडतच नाहीत. तेव्हा केवळ या तपासणीवर भरवसा ठेवून निर्णय घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

सापडल्यावर काय

दडलेला फैलाव सापडला, तर आता सर्व संपले असे समजून हातपाय गाळण्याचे कारण नाही. पोट उघडण्याचे टळले म्हणजे रोग्याची शक्ती शाबूत राहते, आणि केमोथेरपी काही दिवसांतच सुरू होऊ शकते. फ्रान्समध्ये ३४२ रोग्यांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फैलाव झालेल्या रोग्यांचे मध्यम आयुर्मान जुन्या औषधाने ६.८ महिने, तर चार औषधांच्या नव्या योजनेने ११.१ महिने आढळले. हा आकडा लहान वाटतो. परंतु ज्याच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे, नातवाचे जावळ काढावयाचे आहे, वाटणीचे कागद करावयाचे आहेत, त्याला चार महिन्यांचे मोल विचारावे. कावीळ उतरविण्यासाठी दुर्बिणीतून पित्तनलिकेत नळी घालता येते. वेदना शमविण्याची चांगली औषधे आहेत, आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

फैलाव सापडला नाही, तर शस्त्रक्रियेचा निर्णय अधिक भरवशाने घेता येतो. फ्रान्स आणि कॅनडा येथील ४९३ रोग्यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर नवी औषधयोजना मिळालेल्यांचे मध्यम आयुर्मान ५४.४ महिने, तर जुने औषध मिळालेल्यांचे ३५ महिने होते. ही औषधे सोसणारे रोगी निवडलेले, त्यातल्या त्यात सशक्त असे होते, हे लक्षात ठेवावयास हवे. तरीही योग्य रोग्याची निवड, सरावलेल्या हातांची शस्त्रक्रिया आणि नंतरचे औषध ही तीन एकत्र आली तर या रोगातही वर्षांचा हिशेब करता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र दुर्बिणीतून काही दिसले नाही म्हणजे पोटात काहीच नाही, असे वचन कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. यकृताच्या आत खोलवर असलेले कण दुर्बिणीलाही दिसत नाहीत.

कुटुंबाचे कर्तव्य

रोग शरीरात दडतो, तसे घरचे लोकही तो रोग्यापासून दडवितात. ‘आप्पांना सांगू नका, ते खचतील’, असे डॉक्टरांना दाराबाहेर सांगितले जाते. त्यामागील माया खरी असते. परंतु ज्याच्या पोटावर चाकू चालणार, त्याला ते कशासाठी हे ठाऊक असण्याचा हक्क आहे. आयुष्यभर शेताचे, घराचे आणि देवस्थानाचे निर्णय ज्याने घेतले, त्याला अखेरच्या मोठ्या निर्णयात परका करणे हा त्याचा सन्मान नव्हे. पुष्कळदा रोग्याला सारे कळलेले असते, आणि घरचे खचतील म्हणून तोही गप्प असतो. सत्य सावकाश आणि धीर देत सांगावे, पण सांगावे.

शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास डॉक्टरांना चार प्रश्न नम्रतेने विचारावेत. स्वादुपिंडासाठीचा खास स्कॅन झाला आहे काय, आणि तो किती दिवसांपूर्वीचा आहे? दुर्बिणीतून पाहणी करणे या रोग्याच्या बाबतीत हितावह आहे काय, आणि नसल्यास का नाही? या रुग्णालयात वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? आणि औषध शस्त्रक्रियेपूर्वी द्यावे की नंतर, याचा विचार औषधतज्ज्ञांसह एकत्र बसून झाला आहे काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याचे काम सुकर होते.

महाजनांकडूनही काही अपेक्षा आहे. मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा कर्करोग्यांना आणि त्यांच्या आप्तांना आसरा देते. ज्या संताने आयुष्यभर देवळापुढची वाट झाडली आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या नावे आज रोग्यांचे अश्रू पुसले जातात. आपल्या देवस्थानाची ऐपत लहान असेल. पण रोग्याचे कागद क्रमाने लावून देणारा एक शिकलेला तरुण, मुंबई-सोलापूरची वाट दाखविणारा एक अनुभवी गृहस्थ, आणि काविळीच्या माळेबरोबरच रक्ततपासणीचाही सल्ला देणारा एक वडीलधारा, एवढी सोय करण्यास मोठा निधी लागत नाही. तंबाखू आणि विडी-सिगारेट यांना देवळाच्या आवारात मज्जाव करणे हेही याच सेवेचे अंग होय, कारण धूम्रपान हे या रोगाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक प्रमुख कारण आहे.

शल्यवैद्याचे कौशल्य जसे कापण्यात असते, तसे केव्हा कापू नये हे ओळखण्यातही असते. त्याला तसे ओळखण्यास लागणारे चार दिवस कुटुंबाने द्यावेत, आणि त्या चार दिवसांत महाजनांनी कुटुंबाच्या पाठीशी उभे राहावे. उतावळेपणाने पोट उघडू नये, आणि भीतीपोटी शस्त्रक्रिया नाकारूही नये. आधी पाहावे, मग ठरवावे. ग्रामदैवत सर्व कुटुंबांना आरोग्य देवो, आणि ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांना सत्य पाहण्याचे धैर्य देवो, ही प्रार्थना.